सासूबाईंच्या तोंडात माझा व्हिसा

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्लास्टर विकणाऱ्या कंपनीने दर वर्षीप्रमाणे डायरी दिली आणि दर वर्षीप्रमाणे ती किराण्याच्या याद्या करण्यात खर्ची पडणार होती. पण आज माझ्या पोटात राहणार नाही अशी गोष्ट घडली. शेजारच्या देशातल्या सरकारी दंत रुग्णालयाने मला होकार कळवला. अट एकच, व्यावसायिक व्हिसा मिळाला पाहिजे. आणि तिथल्या परवाना मंडळाची परीक्षा पास झाल्याशिवाय तो मिळत नाही.

मी कवळ्या बनवते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी तोंड मिटतो. लॅबच्या पाटीवर डॉक्टरसाहेबांचं नाव, बिलावर डॉक्टरसाहेबांचं नाव, आणि गिऱ्हाइकाने आरशात हसून बघितलं की "वा, डॉक्टर!" हेही त्यांनाच. मी पडद्यामागे प्लास्टरने पांढरीफटक. तिकडे म्हणे बनवणाऱ्याला स्वतःचा परवाना असतो, आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्याचं नाव बारीक अक्षरात कोरतात. कुणाच्या तरी टाळूला चिकटून माझं नाव रोज जेवायला बसेल, या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या.

वय बेचाळीस. पंचेचाळिशीनंतर अर्ज घेत नाहीत, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. लेक शिकायला वसतिगृहात आहे, तिने फोनवर आनंदाने किंकाळीच फोडली. नवरा म्हणाला, "जा की. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." इतक्या पटकन म्हणाला की मला रागच आला. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. कवळी काढून बसल्या होत्या, त्यामुळे म्हणाल्या असत्या तरी कळलं नसतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

परीक्षेची माहिती आली. कागदपत्रं वगैरे ठीक आहे, पण खरी गंमत पुढे आहे. उमेदवाराने जिवंत माणसासाठी वरची-खालची पूर्ण कवळी बनवायची, ती त्याच्या तोंडात बसवायची आणि त्या माणसाला सोबत घेऊन वकिलातीत हजर व्हायचं. परीक्षक त्याचं तोंड तपासणार, त्याला खायला घालणार आणि त्रास होतो का विचारणार.

डॉक्टरसाहेबांकडे एक गिऱ्हाईक मागितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्याच माणसाच्या तोंडातून तू पळून जाणार?" आणि पंधरा मिनिटं निष्ठा या विषयावर बोलले. घरी येऊन विचार करत बसले, तेवढ्यात सासूबाई चहात बिस्किट बुडवताना दिसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यांची जुनी कवळी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली आहे. ती बोलताना एकीकडे जाते, जेवताना दुसरीकडे. पाहुणे आले की घालायची, गेले की डबीत. मी पूर्वी एकदा नवी करू का विचारलं होतं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "घरच्या माणसाने तोंडात हात घालायचा? छे." आज मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"परीक्षा तुझी का माझी?"

"माझी, आई."

"मग पास-नापास माझ्या हातात."

"तोंडात," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "माझा डावीकडचा वरचा सुळा जरासा वळलेला होता. तो तसाच पाहिजे. तुझे सासरे त्या सुळ्यावरच भाळले होते." लग्नातला फोटो काढून दाखवला. खरंच, सुळा वळलेला आहे, आणि सासरे त्याच्याकडेच बघतायत.

रविवार, १६ फेब्रुवारी

मापं झाली, आता मेणातली कवळी लावून बघायचं काम चालू आहे. वेळ ठरली आहे, संध्याकाळी पाच. मी लॅबमधून येते तेव्हा सासूबाई गळ्याला नॅपकिन बांधून खिडकीजवळच्या खुर्चीत तयार असतात.

अठरा वर्षांत पहिल्यांदा सासूबाई माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकतात, कारण तोंडात मेण असतं. मी पण संधी साधते. लॅबमधल्या गमती सांगते, डॉक्टरसाहेबांची नक्कल करते. आज लग्न ठरलेल्या आजोबांची गोष्ट सांगत होते. त्यांना कवळी लग्नाआधी हवी होती आणि होणाऱ्या बायकोला कळायला नको होतं, आणि ती बाईही त्याच आठवड्यात त्याच कामाला आमच्याकडे आली. इतक्यात मेण निघालं. मला वाटलं, आता स्वयंपाकाबद्दल बोलतील. तर म्हणाल्या, "मग? समोरासमोर आले का?"

मोजण्याचीही परीक्षा घेतली. दातांतून हवा कशी जाते ते कळायला आम्ही माणसाला साठपासून पुढे मोजायला लावतो, त्यात सगळी सकारांची गर्दी असते. सासूबाई म्हणाल्या, "मोजायचं कशाला? ते आकडे मी जगून आलेय." तरी मोजले. सदुसष्टला शिट्टी वाजते. पुढचे दात केसभर मागे घ्यावे लागतील.

बुधवार, १९ फेब्रुवारी

व्हिसाचा फोटो काढायला गेले. फोटोवाला म्हणाला, "हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत." दातांच्या धंद्यातल्या बाईला हा नियम! मी त्याला नाईलाजाने ओठ मिटून दाखवले. फोटोत मी अशी दिसते, की कुणीही मला कुठेही जाऊ देणार नाही.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कृत्रिम दात आहेत?" मी म्हटलं, "हजारो. पण सगळे दुसऱ्यांच्या तोंडात." त्या हसल्या नाहीत. व्हिसाच्या कामात विनोद करायचे नाहीत हे लिहून ठेवते.

शनिवार, १ मार्च

झाली! आयुष्यात इतकी सुंदर कवळी मी केली नव्हती. हिरड्यांच्या रंगात तीन छटा आहेत. सुळा अगदी लग्नाच्या फोटोसारखा वळवला आहे. सासूबाईंनी आरसा घेतला आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. बोट त्या सुळ्यावरून फिरवलं. डोळे भरून आले, आणि मला वाटलं, आता मला पोटाशी धरणार.

"टोचतंय," त्या म्हणाल्या.

मंगळवार, ४ मार्च

रोज टोचतंय! शनिवारी वर उजवीकडे, रविवारी खाली डावीकडे, काल टाळूला, आज घशात. घशात कवळीचा भागच नाही!

दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावते. जिथे जास्त दाब पडतो तिथे डाग गडद येतो आणि तेवढंच कानशीने घासायचं असतं. सगळे डाग एकसारखे फिके येतात. माझ्या नजरेतून केसाएवढी फट सुटत नाही, हे डॉक्टरसाहेबसुद्धा मान्य करतात. मग मला दिसत नाही असं काय आहे?

आज नाईलाजाने उस्तादांची युक्ती केली. ज्यांच्याकडे मी काम शिकले ते उस्ताद म्हणायचे, काही माणसांचं दुखणं तोंडात नसतं, त्यांच्यासाठी कानशीची उलटी, गुळगुळीत बाजू असते. ती बाजू नुसती फिरवली, आवाज केला, कवळी धुऊन परत बसवली.

"आता?"

"आता बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "हं, त्या लग्नवाल्या आजोबांचं पुढे सांग."

चला, सासूबाईंना फसवता येतं, एवढं तरी कळलं. पण काळजीने माझा जीव टांगणीला लागला आहे. अशा माणसाने परीक्षकांसमोर "टोचतंय" म्हटलं तर माझा सगळा खेळ खलास.

ता. क. भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी परवा भरली होती, आज तळ दिसतोय. नवऱ्याला विचारलं. तो आईकडे बघून हसला आणि गोरामोरा झाला. मी जाणार म्हणून त्याला खा खा सुटली असावी. वरवर "जा की" म्हणतो, आतून पोखरलाय बिचारा. आईसमोर बोलता येत नाही एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

जेवताना सासूबाई सगळं कुस्करून घेतात. "चावत नाही ग," म्हणतात आणि माझ्याकडे न बघता सुस्कारा टाकतात. ताटात माझं भविष्य कालवलेलं दिसतं.

बरणी पुन्हा रिकामी. शिवाय कडक टोस्टांचा पुडाही संपला. नवऱ्याला जवळ बसवून प्रेमाने सांगितलं, "अहो, दुःख असं खाऊन संपत नाही." तो म्हणाला, "कसलं दुःख?" पुरुषांना मन मोकळं करता येत नाही हेच खरं.

न्हाणीघरात नळ सोडून रडले. कवळी माझी वाईट असेल तर वीस वर्षं मी काय केलं? आणि चांगली असेल तर त्या अशा का वागतात?

रविवार, ९ मार्च

कचऱ्याच्या डब्यात अर्धा पेरू सापडला.

पेरू म्हणजे कवळीवाल्यांचा जन्माचा वैरी. बिया खाली अडकतात, घट्ट गर तुटत नाही, आणि कवळी ढिली असेल तर पेरूतच राहते. पण या पेरूचा घास असा स्वच्छ तुटला होता की मी तो उजेडात नेऊन बघितला. पुढचे दात सरळ रेषेत, खोली सारखी, आणि डावीकडे वर एक सुळा जरासा वळलेला.

आपल्या हातचं काम आपल्याला ओळखू येणार नाही?

खरं सांगते, माझा पहिला विचार होता, वा, काय घास आहे! दुसरा विचार आला तेव्हा मी दातओठ खात होते. म्हणजे शेंगदाणे कोण खात होतं, टोस्ट कुणी फस्त केले, आणि नवरा आईकडे बघून का हसला! त्याला धरलं. म्हणाला, "तीच आणायला सांगते. दुपारी खाते. तुला सांगायचं नाही म्हणाली."

"का?"

"तिलाच विचार ना."

विचारायचं काय त्यात? मी गेले तर घर कोण बघणार, हेच. सरळ "जाऊ नकोस" म्हणायचं नाही, कवळीत विघ्न घालायचं. गोड बोलून गळा कापायचा. आणि मी वेडी रोज गोष्टी सांगत बसले!

मी पण काही कमी नाही. पेरूच्या त्या घासात प्लास्टर ओतलं आणि अस्सल साचा काढला. आता तो पर्समध्ये राहील. परीक्षेत त्या "टोचतंय" म्हणाल्या की मी साचा टेबलावर ठेवणार. मग बघू.

मंगळवार, ११ मार्च

उद्या परीक्षा. मी काही माहीत नसल्यासारखी वागते आहे. पाच वाजता सासूबाई नॅपकिन बांधून बसल्या होत्या. आज कुठे टोचतंय हे त्यांना लगेच सुचेना, म्हणून त्यांनी नुसतंच तोंड उघडलं. मी उलटी कानस फिरवली. गोष्ट सांगितली नाही.

"आज काही सांगत नाहीस?"

"डोकं दुखतंय."

त्यांनी नॅपकिन सोडला. मग म्हणाल्या, "तिकडे गेलीस की इथे या वेळेला काय असेल ग?"

"हे लवकर घरी येतील. चहा करतील."

"हो. चहा," त्या म्हणाल्या आणि नॅपकिनची घडी घालत बसल्या. चहात एवढा विचार करण्यासारखं काय आहे, कळत नाही. नवरा चहा चांगला करतो.

बुधवार, १२ मार्च

सगळं आजच लिहिते.

वकिलातीतली खोली लहान होती. एक लांब टेबल, तीन परीक्षक, दिवा जोडलेली एक खुर्ची. एका ताटलीत टोस्ट आणि सफरचंदाच्या फोडी होत्या, शेजारी एक अख्खं सफरचंद नुसतं शोभेला ठेवलेलं. मधल्या बाई वयस्कर, चष्मा नाकावर. आपली भाषा त्यांना अडखळत येत होती. सासूबाई खुर्चीत बसल्या, पिशवीतून घरचा नॅपकिन काढला आणि स्वतःच गळ्याला बांधला. वकिलातीचा नॅपकिन तिथे होता, तरीही.

निळा कागद झाला. डाग पाहून एका परीक्षकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मोजायला सांगितलं. सासूबाईंनी साठपासून सुरुवात केली आणि सदुसष्ट असं ठणठणीत म्हटलं की मीच मान डोलावली. मग बाईंनी वळलेल्या सुळ्यावर बोट ठेवलं.

"हा दात वाकडा. चूक आहे?"

"त्याला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यावर माझं लग्न झालंय."

बाईंना कळलं की नाही देव जाणे, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग शेवटचा प्रश्न आला, "कवळीचा त्रास होतो?"

सासूबाईंनी नॅपकिन सारखा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होतो. टोचते."

माझा हात पर्समध्ये गेला. साचा हाताला लागला. तो टेबलावर ठेवायला एक क्षण पुरला असता. पण मी त्यांच्याकडे बघितलं. गळ्याला नॅपकिन, हात मांडीवर, तोंड अर्धवट उघडं, रोज पाचला असतात तशाच. आणि एकदम मला लाजच वाटली. अख्खं घर सांभाळायला त्यांना मी नको होते. स्वयंपाक तर त्या माझ्यापेक्षा चांगला करतात. त्यांना ती वेळ पाहिजे होती, खिडकीजवळची. मलाही पाहिजे होती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. केसाएवढी फट बघणारी मी, आणि एवढं मोठं भगदाड दिसलं नाही!

साचा सोडून दिला. खुर्चीजवळ गेले आणि रोजच्यासारखं विचारलं, "कुठे टोचतं, आई?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "आत्ता कुठेच नाही. तू तिकडे गेलीस की टोचेल. रोज पाच वाजता."

"म्हणजे कवळी खराब?" बाईंनी गोंधळून विचारलं.

"खराब?" सासूबाई ताठ बसल्या. त्यांनी फोडींकडे ढुंकूनही बघितलं नाही, शोभेचं सफरचंद उचललं आणि करकचून चावा घेतला. खोलीत त्याचा आवाज घुमला. "माझ्या सुनेच्या कामाला नाव ठेवाल तर याद राखा," असं त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या, आणि एकही अक्षर फसलं नाही. ही परीक्षा आमच्या यादीत नव्हती.

मी रडत होते आणि हसतही होते. व्हिसाच्या कामात शोभत नाही, पण इलाज नव्हता. सासूबाईंनी सफरचंद संपवता संपवता मुलाखत आपल्या हातात घेतली. "हिला सुट्टी किती देता?"

"वर्षातून दोनदा," बाई म्हणाल्या.

"तीनदा करा. कवळी तपासावी लागते."

घरी येताना टॅक्सीत मी साचा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"पेरू?"

"पेरू."

"गोड होता," त्या म्हणाल्या.

शुक्रवार, ११ एप्रिल

व्हिसा आला! पासपोर्टात तो ओठ मिटलेला फोटो आहे आणि फोटोखाली माझा व्यवसाय छापला आहे. मी तो शब्द तीनदा वाचला. डॉक्टरसाहेब म्हणाले, पाटीवर खाली तुझंही नाव लिहू, राहा. मी म्हटलं, केवढ्या अक्षरात? त्यांनी बोटांनी दाखवलं तेवढ्यात मुंगीचं नाव मावलं असतं.

संध्याकाळी सासूबाईंनी कवळी काढून माझ्यापुढे ठेवली. "तिकडे सगळ्यांच्या कवळीत नाव घालणार, आणि माझ्याच कवळीत नाही?" खिडकीजवळ बसून मी आतल्या बाजूला माझं नाव कोरलं. आजवर इतक्या कवळ्या केल्या, नाव पहिलं याच कवळीत गेलं. हात स्थिर राहिला. त्यांनी कवळी घातली, जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "लागतंय जिभेला. राहू दे."

रविवार, ४ मे

खोली लहान आहे, खिडकी चांगली आहे. रुग्णालयातले लोक कामाचे आहेत, विनोदाचे नाहीत. परवा इथल्या माझ्या पहिल्या कवळीवर नाव कोरलं आणि वरिष्ठांनी ते भिंगातून मोठ्याने वाचलं. पार चुकीचं वाचलं, तरी मला आनंद झाला. पण खोलीवर आले की गप्प गप्प होतं. हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. इथे लिहायला हरकत नाही.

आज पाचला फोन वाजला. पडद्यावर आधी नवऱ्याचा अंगठा दिसला, मग छत, मग गळ्याला नॅपकिन बांधलेल्या सासूबाई. त्यांनी तोंड थेट कॅमेऱ्याला लावलं. मला फक्त वळलेला सुळा दिसत होता.

"टोचतंय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं नाही कुठे. कानस घेतली, टेबलाच्या कडेवरून फोनजवळ सावकाश फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा लांबवून.

"आता, आई?"

"आता बरं आहे." त्या कॅमेऱ्यापासून जरा मागे सरकल्या. "उलटी बाजू लावलीस ना? मला तीच बरी पडते." आणि लगेच म्हणाल्या, "हं, रुग्णालयातलं सांग. आणि उद्या खालची बघ."